गंजलेली कोंबी : उभी करायची की सोडून द्यायची

फोक्सवॅगन टाइप टू या व्हॅनचे नियमित उत्पादन मार्च 1950 मध्ये जर्मनीतील वुल्फ्सबुर्गच्या कारखान्यात सुरू झाले. मूळ कल्पना बेन पोन या डच मोटार व्यापाऱ्याची. बीटल मोटारीचे भाग वापरून चाकांवरचा एक खोका बनवायचा, चालक अगदी पुढे बसवायचा आणि इंजिन अगदी मागे टाकायचे, असे रेखाटन त्याने 1947 साली आपल्या वहीत केले होते. 1956 मध्ये उत्पादन हॅनोव्हरला हलले. 1967 पर्यंतच्या जर्मन व्हॅनची पुढची काच दुभागलेली आहे. त्यानंतरच्या पिढीची काच अखंड आणि वक्र. जर्मनीत ही दुसरी पिढी 1979 पर्यंत, तर ब्राझीलमध्ये 2013 पर्यंत तयार होत राहिली. तिला कुठे बुली म्हणतात, कुठे कोंबी. साठ-सत्तरच्या दशकांत तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून गोव्यापर्यंत आलेल्या तरुण युरोपीय प्रवाशांच्या ताफ्यांत याच व्हॅन दिसत. आज जुन्या कोंबी युरोप-अमेरिकेत कोठारांत आणि परसांत गंजत उभ्या आढळतात. अशी एखादी व्हॅन समोर आली, की ती पुन्हा रस्त्यावर आणण्याच्या लायकीची आहे का, हे ठरवण्याची एक रीत आहे, आणि ती रीत व्हॅनच्या पोटाखालून सुरू होते.

याचे कारण बांधणीत आहे. जुन्या ट्रकला स्वतंत्र चासी असते, वरचा सांगाडा गंजला तर तो उतरवून दुसरा बसवता येतो. कोंबीत तशी सोय नाही. लांबीला धावणारे दोन रेल, त्यांना जोडणारे आडवे मेंबर, बाहेरच्या बाजूंना जाणारे आउटरिगर, जमिनीचा पत्रा आणि बाजूच्या भिंती हे सगळे एकत्र वेल्ड केलेले आहे. पत्रा हाच सांगाडा असल्यामुळे तो गंजतो तेव्हा दिसण्याबरोबर ताकदही जाते. दाराचा तळ, मागच्या चाकाच्या कमानीची कड किंवा छताची पन्हळ गंजलेली असेल, तर काम खर्चाचे असले तरी धोक्याचे नसते. रेल, आउटरिगर किंवा जॅक लावायच्या जागा गेलेल्या असतील, तर प्रश्न वेगळ्याच पातळीवरचा होतो.

सर्वांत कसून पाहावा तो दारांखालचा आडवा पट्टा, म्हणजे सिल. दुसऱ्या पिढीच्या व्हॅनमध्ये तो एका पत्र्याचा नाही. आतला, मधला आणि बाहेरचा असे तीन थर मिळून पोकळ पेटी तयार होते. खिडक्यांची रबरे वाळून तडकली की पावसाचे पाणी भिंतीच्या आतून उतरते आणि या पेटीत साचते. सरकत्या दाराच्या खालच्या रुळातला चिखलही तिथेच मुरतो. उत्तर युरोपात हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ खालून येऊन त्यात मिसळते. म्हणून सिल आतून सडतो, बाहेरून गुळगुळीत रंग दिसत असतानाच. बाहेरच्या थराला भोक पडलेले दिसते तोवर मधला थर बहुधा चाळणी झालेला असतो. नुसता बाहेरचा पत्रा बदलून रंग मारला, तर काही वर्षांत तेच काम पुन्हा करावे लागते. पुढच्या काचेच्या चौकटीची खालची कड, चालकाच्या पायाखालचा पत्रा आणि इंजिनाच्या कप्प्यातले बॅटरीचे तबक या आणखी तीन जागा. शेवटच्या ठिकाणी बॅटरीतले आम्ल गंजाला मदत करते.

तपासणीला लागणारी साधने साधी आहेत : टॉर्च, बोथट स्क्रूड्रायव्हर आणि कापडात गुंडाळलेले चुंबक. जिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे तिथे चुंबक धरत नाही. रंग फुगलेल्या जागी स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकली तर निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला बद्द आवाज करतो. खालून जाड डांबरी लेप नव्याने फासलेला असेल तर संशय घ्यावा. तो लेप चांगल्या पत्र्याचे रक्षण करतो तसाच वाईट पत्रा झाकतोही. सर्वांत बोलकी परीक्षा जॅकची. मालकाची परवानगी घेऊन, व्हॅनच्या मूळ जॅक लावायच्या जागेवर हळूहळू भार द्यावा. ती जागा आत दबू लागली, किंवा व्हॅन उचलताना पुढच्या दाराभोवतीची फट बदलून दार अडकू लागले, तर सांगाडा मऊ पडला आहे. अशा व्हॅनचा भाव करताना इंजिनाचा आवाज ऐकून भुलण्याचे काहीच कारण नाही.

इंजिन या निर्णयात दुय्यम आहे. हवेने थंड होणारे चार सिलिंडरचे ते यंत्र मोजक्या बोल्टवर टांगलेले असते. एका दिवसात उतरते, दुरुस्त होते किंवा बदलता येते. इंजिनाच्या पुलीला धरून पुढेमागे ढकलले आणि क्रॅंकशाफ्टचा स्पष्ट खेळ हाताला जाणवला, तर ते पुन्हा बांधण्याचा खर्च धरावा. पेट्रोलच्या जुन्या नळ्या मात्र चालवून पाहण्याआधीच बदलाव्यात. तडकलेल्या नळीतून तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळून अशा व्हॅन जळतात, आणि इंजिनाचे मॅग्नेशियमयुक्त धातूचे कवच पेटले तर आग विझवणे फार कठीण जाते.

खर्चाचा खरा बोजा वेल्डरच्या तासांवर पडतो. नवे पत्रे बाजारात मिळतात आणि त्यांची किंमत मजुरीच्या मानाने किरकोळ असते. सिल कापण्याआधी व्हॅन समतल आधारांवर ठेवून, दारे जागेवर लावून, आतून तात्पुरते लोखंडी दांडे वेल्ड करावे लागतात. हे टाळले तर व्हॅन मधोमध खचते आणि मग कोणतेही दार नीट बसत नाही. एका बाजूचे काम पुरे झाल्याशिवाय दुसरी बाजू उघडायची नाही. हे स्वतः शिकून करणाऱ्याला खर्च पेलतो. सगळे काम गॅरेजला देणाऱ्याने मात्र आधी तयार, चांगल्या व्हॅनची किंमत विचारावी; बहुतेक वेळा ती स्वस्त पडते. कॅलिफोर्निया किंवा अॅरिझोनाच्या कोरड्या हवेतली व्हॅन म्हणूनच महाग विकली जाते : तिचे रबर आणि सीट उन्हाने गेलेले असतात, पण पत्रा शाबूत असतो.

पत्र्याइतकेच वजन ओळखीला आहे. पुढच्या सीटच्या मागे बसवलेल्या छोट्या धातूच्या पट्टीवर संकेतांक असतात. त्यांतून उत्पादनाची तारीख, मूळ रंग, कारखान्यात बसवलेल्या सोयी आणि व्हॅन कोणत्या देशासाठी निघाली हे कळते. छताच्या कडेलाही खिडक्या असलेली पहिल्या पिढीची सांबा बस लिलावात लाख डॉलरच्या पुढे गेलेली आहे, त्यामुळे ती निम्मी सडली असली तरी उभी केली जाते. सत्तरच्या दशकातली साधी मालवाहू व्हॅन तशाच अवस्थेत असेल तर पैशाच्या हिशेबात ती बसत नाही. तिथे कुटुंबाची आठवण हेच कारण उरते, आणि ते पुरेसे कारण आहे, फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नये.

सगळे नवे करणे हाच एक मार्ग नाही. कारखान्याचा मूळ रंग, जुन्या दुकानाचे दारावर रंगवलेले नाव, झिजलेले स्टिअरिंग ही एकदा गेली की परत येत नाहीत. जिथे सांगाडा धड आहे तिथे फक्त ताकदीच्या जागा दुरुस्त करून बाकीचे जपणे हेच शहाणपणाचे. कायदाही मूळ रूपाकडे पाहतो. जर्मनीत 30 वर्षांवरील वाहनाला ऐतिहासिक क्रमांकपट्टी मिळते ती मुख्यतः मूळ आणि चांगल्या स्थितीतल्या वाहनालाच. भारतात 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरील, व्यापारी वापरात नसलेल्या वाहनाची विंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. त्यामुळे आधुनिक इंजिन बसवण्याचा बेत असेल तर तो पत्रा कापण्याआधीच तपासून घ्यावा.

जी व्हॅन उभी राहण्यापलीकडे गेली आहे तिचे सुटे भाग दुसऱ्या व्हॅनला जीव देतात. पुढचा अॅक्सल, गिअरबॉक्स, काचा, दारे, सरकत्या दाराची यंत्रणा, आतले मूळ फर्निचर ही सगळी काढून कोरड्या जागी, लेबल लावून ठेवावीत. चासी क्रमांक कोरलेला पत्रा मात्र कापून दुसऱ्या व्हॅनला जोडायचा नसतो. अनेक देशांत तो गुन्हा आहे, आणि अशी जोडणी वेल्डच्या खुणांवरून उघडकीस आली की चांगली व्हॅनही जप्त होऊ शकते.