एका ग्रंथकाराचीं तीन नांवें

एखाद्या वाचकानें ग्रंथालयांत जाऊन राम गणेश गडकरी यांचीं सर्व पुस्तकें मागितलीं, तर ‘एकच प्याला’ हें नाटक त्याच्या हातीं सहज येईल. परंतु ‘वाग्वैजयंती’ हा काव्यसंग्रह गोविंदाग्रज या नांवाखालीं आणि विनोदी लेख बाळकराम या नांवाखालीं नोंदलेले असतील, तर तीं पुस्तकें त्याच इमारतींत असूनहि त्याला मिळणार नाहींत. पुस्तक कपाटांत आहे, वाचक दारांत आहे, आणि दोघांची गांठ मात्र पडत नाहीं. ही गांठ घालून देणें हेंच ग्रंथालयाच्या तालिकेचें काम होय. आणि तें कोणत्या नियमांनीं करावें, याचा विचार पावणेदोनशेंहून अधिक वर्षें चालू आहे.

प्रथम तालिका म्हणजे मालमत्तेची यादी, एवढाच अर्थ होता. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें अँटोनिओ पानित्सी या इटालियन निर्वासितानें १८४१ सालीं ९१ नियम प्रसिद्ध केले, तेव्हां या विषयाला शास्त्राचें रूप येऊं लागलें. हे नियम निष्कारण किचकट आहेत, साधी यादी पुरे, अशी ओरड झाली आणि राजनियुक्त चौकशी-मंडळापुढें पानित्सीला आपली बाजू मांडावी लागली. त्याचें म्हणणें असें कीं, एकाच कृतीच्या अनेक आवृत्त्यांतून वाचकाला हवी ती निवडतां आली पाहिजे, आणि त्यासाठीं त्या आवृत्त्या तालिकेंत एकत्र आल्या पाहिजेत. अमेरिकेंत चार्ल्स कटर यानें १८७६ सालीं हा विचार अधिक स्पष्ट केला : ग्रंथकार, ग्रंथाचें नांव किंवा विषय यांपैकीं एकच गोष्ट ठाऊक असली तरी ग्रंथ सांपडला पाहिजे, आणि एका ग्रंथकाराचे कोणकोणते ग्रंथ संग्रहीं आहेत, हेंहि कळलें पाहिजे.

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें १९०१ सालीं आपलीं छापील कार्डें इतर ग्रंथालयांना विकावयास आरंभ केला. एका ठिकाणीं एकदां केलेली नोंद अनेक ठिकाणीं उपयोगी पडूं लागली. पण त्यासाठीं सर्वांनीं एकच नियम पाळणें अवश्य झालें. टोपणनांवाची अडचण कार्डांच्या खणांत सुटत नसे, असें नाहीं. गोविंदाग्रज या नांवाच्या कार्डावर ‘गडकरी, राम गणेश पाहा’ एवढें लिहिलें म्हणजे वाचक योग्य जागीं वळे. मात्र ही सूचना प्रत्येक ग्रंथालयानें आपल्या खणांत घालावयाची असे. आणि जेथें ती घातली गेली नाहीं, तेथून वाचक रित्या हातानें परते.

१९६० नंतरच्या दशकांत त्याच ग्रंथालयांत हेन्रिएट ॲव्हरम या संगणकतज्ज्ञ बाईंनीं ‘मार्क’ नांवाची पद्धति सिद्ध केली. तींत कार्डावरील प्रत्येक बाबीला अंक दिला : १०० म्हणजे मुख्य ग्रंथकार, २४५ म्हणजे ग्रंथाचें नांव, ६५० म्हणजे विषय. कार्डांचे खण हळूहळू दिसेनासे झाले. अमेरिकेंतील ओसीएलसी या संस्थेनें २०१५ सालीं आपलीं शेवटचीं कार्डें छापलीं. परंतु मार्कची नोंद म्हणजे यंत्रांत भरलेलें कार्डच होय. ‘गडकरी’ हीं अक्षरें वाचून माणसाला एका व्यक्तीचें स्मरण होतें. यंत्राला तीं केवळ अक्षरें दिसतात. रोमन लिपींत एक अक्षर अधिक पडलें, कीं त्याच्या लेखीं तो ग्रंथकारच निराळा.

या अडचणीवर ‘जोडलेल्या माहिती’च्या पद्धतीनें उपाय शोधला आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीं तिचीं चार तत्त्वें २००६ सालीं सांगितलीं. शाळेंत वाक्याचे कर्ता, कर्म, क्रियापद असे भाग पाडतात. तशीच येथें प्रत्येक माहिती तीन भागांच्या लहान वाक्यांत मांडतात : ‘एकच प्याला’ – याचा ग्रंथकार – गडकरी. भेद इतकाच कीं, वाक्यांत नुसतें नांव न घालतां त्या व्यक्तीचा वेबवरील कायमचा पत्ता घालतात. ही व्यक्ति १८८५ सालीं जन्मली, १९१९ सालीं वारली आणि गडकरी, गोविंदाग्रज व बाळकराम हीं तिचींच नांवें, ही सर्व माहिती त्या एका पत्त्यावर ठेवतां येते. नांव बदललें, लिपि बदलली, तरी पत्ता एकच राहतो. २००३ सालीं आरंभिलेल्या ‘व्हीआयएएफ’ या योजनेनें निरनिराळ्या देशांतील राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नांवांच्या नोंदी अशाच एकमेकींशीं जोडल्या आहेत.

ग्रंथ म्हणजे काय, याचाहि नव्यानें विचार झाला. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघानें १९९८ सालच्या अहवालांत चार थर वेगळे केले. ‘एकच प्याला’ ही कृति. मराठी मूळ किंवा एखादें भाषांतर हें तिचें शब्दरूप. अमुक सालीं निघाली ती आवृत्ति. आणि शाईचा डाग पडलेली कपाटांतील ती प्रत. या विचारावर आधारलेली ‘आरडीए’ ही नियमावलि २०१० सालीं निघाली. मार्कची जागा घेण्यासाठीं लायब्ररी ऑफ काँग्रेसनें २०११ सालीं नव्या चौकटीचें काम हातीं घेतलें. तिला पुढें ‘बिबफ्रेम’ हें नांव मिळालें. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें २०१८ सालीं आपली संयुक्त तालिका या वाटेवर आणली. तरी पुष्कळ ग्रंथालयांत अजून मार्कच चालतें. लाखों जुन्या नोंदी बदलणें हें एका दिवसाचें काम नव्हे.

या पद्धतीचें जें बळ, तेंच तिचें भयहि आहे. जुन्या खणांतील चूक बहुधा त्या खणापुरती राही. जोडलेल्या माहितींतील चूक दुवा जेथें जेथें पोंचतो तेथें तेथें जाते. एकाच नांवाच्या दोन व्यक्ति एका पत्त्यावर आल्या, तर एकाचे ग्रंथ दुसऱ्याच्या पदरीं पडतात. शिवाय यंत्र दुवे झपाट्यानें पसरवील. पण गोविंदाग्रज आणि गडकरी एकच, हें प्रथम कोणा जाणत्यानें सांगावें लागतें. गडकऱ्यांविषयीं तें सर्वांस ठाऊक आहे. जुन्या मासिकांतून टोपणनांवानें लिहिणाऱ्या लहानसहान ग्रंथकारांविषयीं तें तसें सर्वांस ठाऊक नसतें. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ या काळांतील मराठी ग्रंथांची सूची मोठ्या चिकाटीनें सिद्ध केली. असलें ज्ञान आणि गांवोगांवच्या ग्रंथालयांच्या हस्तलिखित नोंदवह्या नव्या नियमांनीं जोडल्या गेल्या नाहींत, तर ते ग्रंथकार दूरच्या वाचकाला नसल्यासारखेच होत.

नियम लंडनला झाले, यंत्र वॉशिंग्टनला चाललें. पण अमुक टोपणनांवामागें कोण होतें, याचें उत्तर मराठी वाचकालाच द्यावें लागेल. आणि जाणते आहेत तोंवरच तें लिहून ठेवावें लागेल.