डेटाबेस गप्प बसतो तेव्हा

मागच्या खेपेला आपण पीएचपीतून मायएसक्यूएलला प्रश्न कसा पाठवायचा ते पाहिलं. आज उत्तर आलं नाही तर काय समजायचं, ते बघू.

आमच्या ओळखीच्या एका ग्रंथालयात सभासद-नोंदणीचं पान होतं. अर्ज भरला की 'नोंद झाली, धन्यवाद' असं उमटायचं. तीन दिवसांनी पाहिलं, तर टेबलमध्ये एकही नवं नाव नाही! कुणीतरी एका रकान्याचं नाव बदललं होतं. डेटाबेसकडे चुकीचा निरोप तयार होता, हो. विचारलं कुणी नव्हतं.

कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही हे कळतं. पण अट अशी, की घट असता तर तो दिसलाच असता. अंधारात डोकावून 'नाही' म्हणता येत नाही. पडद्यावर चूक दिसली नाही म्हणून चूक झालीच नाही, ही समजूत अंधारातलीच.

मग उजेड कसा पाडायचा? मायएसक्यूएलआयमध्ये क्वेरीने 'फॉल्स' परत केलं की मायएसक्यूएलआय_एररला त्या कनेक्शनबद्दल विचारायचं. आणि लगेच विचारायचं, कारण ते सर्वांत ताज्या आदेशाचीच चूक सांगतं; मध्ये दुसरी क्वेरी यशस्वी झाली की पाटी कोरी. कनेक्शनच जमलं नसेल तर मायएसक्यूएलआय_कनेक्ट_एरर. शून्य ओळी म्हणजे 'फॉल्स' नव्हे बरं का! शून्य ओळी हे उत्तर आहे, 'फॉल्स' हा उत्तराचा अभाव.

पीडीओत एररइन्फो तीन गोष्टी देतं: पाच अक्षरी एसक्यूएलस्टेट, डेटाबेसचा स्वतःचा क्रमांक आणि मजकूर. रकाना सापडला नाही तर ४२एस२२ आणि १०५४. तोच सभासद-क्रमांक दुसऱ्यांदा भरला तर २३००० आणि १०६२. प्रिपेअर केलेली क्वेरी चालवताना चुकली, तर त्या स्टेटमेंटलाच विचारा. कनेक्शन हात वर करतं.

पीएचपी ८.० पासून (२०२०) पीडीओ आणि ८.१ पासून (२०२१) मायएसक्यूएलआय न विचारताच एक्सेप्शन फेकतात. उशिरा का होईना, शहाणपण आलं. पण रिकामा कॅच लिहिलात की पुन्हा अंधार. मजकूर एरर_लॉगमध्ये टाका. वाचकाला दाखवू नका, त्यात टेबलांची नि रकान्यांची नावं असतात. वाचकाला 'नोंद झाली नाही' एवढं प्रामाणिकपणे सांगितलं की पुरे.

त्या ग्रंथालयाने शेवटी तेच केलं. हुकलेले अर्जदार मात्र टेबलावरच्या हजेरीवहीतून एकेक करून शोधावे लागले.