पेटी कशाची करावी?

मोलाच्या वस्तूसाठी बेतशीर पेटी करवून घेण्याची हौस आपल्या जुन्या घराण्यांना नवी नाही. दागिन्यांची पेटी असो, दप्तराची असो की तंबोऱ्याची, सुताराला घरी बोलावून, माप देऊन ती करवली जाई. संगणक घरात आला तो मात्र बाजारच्या तयार पत्र्याच्या खोक्यातून. आता काही हौशी तरुण त्याचीही पेटी स्वतः करू लागले आहेत, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो : ती कशाची करावी?

ही हौस संगणकाइतकीच जुनी आहे. १९७६ साली ॲपलचा पहिला संगणक ६६६ डॉलर ६६ सेंटांना विक्रीस आला, तेव्हा त्याला पेटीच नव्हती. गिऱ्हाइकाच्या हाती पडे ती नुसती सर्किटची पाटी. मग कुणी तिच्यासाठी लाकडी पेटी करवून घेतली, तर कुणी ती फळीवर तशीच ठोकली.

उत्तर शोधण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आतील यंत्र पाच-सात वर्षांत जुने होते. पेटी मात्र व्हावयाचे कारण नाही. मदरबोर्डचे ‘एटीएक्स’ नावाचे माप १९९५ साली ठरले : ३०५ मिलिमीटर लांब, २४४ रुंद. त्याच्या स्क्रूंच्या जागा आजही त्याच आहेत. आज केलेल्या पेटीत पुढे आणखी दोन-तीन यंत्रे नांदू शकतील. तेव्हा सामान निवडावे ते पंचवीस वर्षांच्या हिशोबाने.

पुष्कळांचा समज असा, की ॲल्युमिनियमची पेटी यंत्राला थंड ठेवते. ॲल्युमिनियम उष्णता ॲक्रिलिकच्या हजारपटीहून अधिक वाहते हे खरे. परंतु तापणारी चिप पेटीच्या भिंतीला टेकलेलीच नसते. तिची उष्णता हवा घेऊन जाते. म्हणून पुढून गार हवा आत येण्यास आणि मागून-वरून गरम हवा बाहेर पडण्यास मोकळी वाट ठेवली, तर सागवानी पेटीतही यंत्र सुखाने चालते. पंख्यावाचून चालणारे यंत्र चिप भिंतीलाच जोडून करावयाचे असेल, तेथे मात्र ॲल्युमिनियमला तोड नाही.

आता वजन पाहू. ४५ सेंटिमीटर लांब, तितकीच उंच आणि २० रुंद पेटी एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याची केली, तर नुसता पत्राच सहा किलो भरतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या मानाने एक-तृतीयांशच ताठ असते. तोच कणखरपणा यावयास पत्रा सुमारे १.४ मिलिमीटर घ्यावा लागतो, तरीही वजन तीन किलोंच्या आत राहते. आणि बारा मिलिमीटर सागवान घेतले, तर पुन्हा जवळजवळ सहाच किलो! पोलाद स्वस्त, पण कापलेल्या कडांना गंज धरते. त्या कडा रंगवाव्याच लागतात. ॲल्युमिनियम घरच्या करवतीनेही कापता येते.

ॲक्रिलिक दिसावयास देखणे, पण ओरखडे चटकन पडतात, आणि भोक घाईने पाडले की तडा जातो. त्याचा संरक्षक कागद काम संपेपर्यंत काढू नये. कडक केलेली काच हवी असेल, तर कापणे व भोके पाडणे आधीच उरकावे. कडक झाल्यावर तिला हत्यार लावले की तिचे तुकडे होतात.

लाकडाचा विचार करताना आपल्या बडोद्याचा पावसाळा विसरू नये. ओलाव्याने फळी लांबीत फारशी वाढत नाही, रुंदीत मात्र फुगते. म्हणून रुंद फळी चारी बाजूंनी चिकटवून टाकू नये. जुन्या दारांत असते तशी चौकटीच्या खाचेत सैल बसवावी. सागवान यात सर्वांत कमी त्रास देते. संखेड्याचे फर्निचर सागवानाचेच, आणि पाडलेल्या वाड्याची जुनी तुळई मिळाली तर सोन्याहून पिवळे. मात्र रंधा मारण्यापूर्वी तिच्यातील खिळे शोधून काढावेत. लाकडाच्या भुशाची स्वस्त फळी टाळावी; पाणी लागले की ती फुगते, ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट विजेची. धातूची पेटी जमिनीशी जोडलेली असली, तर आतील तार सुटून पेटीला लागल्यावर वीज अर्थिंगने निघून जाते. रंग आणि ॲल्युमिनियमवरील ॲनोडायझिंगचा थर वीज अडवतात. म्हणून पॉवर सप्लाय जेथे स्क्रूने बसतो, तेथील थर खरवडून धातू उघडा करावा. लाकूड आणि ॲक्रिलिक ही सोय देत नाहीत, आणि जवळच्या रेडिओत खरखरही येऊ देतात. यासाठी लाकडी पेटीला आतून पातळ पत्र्याचे अस्तर द्यावे, ते अर्थिंगला जोडावे, आणि मदरबोर्ड त्याला न टेकेल असा पितळी खुंट्यांवर उभा करावा. प्लग तीन खिळ्यांचाच हवा. आणि पॉवर सप्लाय त्याच्या स्वतःच्या डब्यातून कधीही बाहेर काढू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. शोभेसाठी तेवढे धाडस घरात मुलेबाळे असताना तर मुळीच नको.

तेव्हा आमचे मत विचाराल, तर आत धातू, बाहेर सागवान. प्रथम मात्र जाड पुठ्ठ्याची पेटी करून पाहावी. त्यात सारे सामान ठेवावे, तारा वळवून पाहाव्यात, हात घालून प्रत्येक स्क्रूपर्यंत स्क्रूड्रायव्हर पोहोचतो का ते पाहावे. पुठ्ठा चुकला तर रद्दीत जाईल; सागवान चुकले तर पुन्हा मिळणे कठीण.