पाऊल गेले, नृत्य राहिले

शारदीय नवरात्रातील तिसऱ्या माळेस देवीच्या सभामंडपात आमचे कीर्तन आटोपले. आरतीनंतर एका माउलीने सात वर्षांच्या लेकीस पुढे करून विचारले, ‘‘बुवा, ही भरतनाट्यम् शिकते. दूरचित्रवाणीच्या नृत्यस्पर्धेत हिला पाठवा, असे सारे म्हणतात. पाठवू का?’’ कीर्तनकारास उत्तर सुचले नाही की तो आख्यान लावतो. आम्ही सुधा चंद्रन् यांचे आख्यान लावले.

मुंबईच्या तमिळ कुटुंबातील ही कन्या अगदी बालवयात नृत्यगुरूंपुढे उभी राहिली आणि शाळकरी वयातच रंगमंचावर रुळली. १९८१ साली मातापित्यांसह देवदर्शनाच्या यात्रेस गेली असता तिरुचिरापल्लीजवळ बसला अपघात झाला. जखम चिघळली, आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वय अवघे सोळा!

नंदिकेश्वरांच्या ‘अभिनयदर्पणा’त नर्तकीचे दहा प्राण सांगितले आहेत: जव, स्थिरता, रेखा, भ्रमरी, दृष्टी, अश्रम, मेधा, श्रद्धा, वाणी आणि गीत. यांतील पहिले चार, म्हणजे वेग, तोल, अंगाची सुबक ठेवण आणि गिरकी, हे पावलांवर उभे असतात. ते चारही एका घावात गेले. न थकणे तर दूरच, उभे राहणेही कठीण झाले. दृष्टी, मेधा, श्रद्धा मात्र शस्त्रवैद्याच्या हत्याराखाली येत नाहीत. बालपणी जे शिकविले गेले होते, ते तेथे शिल्लक होते.

जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचे कृत्रिम पाऊल सिद्ध केले होते. परदेशी पावलास बूट हवा. आपली माणसे अनवाणी देवळात जातात, मांडी घालून जेवतात, चिखलात राबतात. म्हणून हे पाऊल घोट्यात वळते, आणि बुटावाचून चालता येते. सेठींना १९८१ सालीच मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते वृत्त वाचून सुधाताई जयपुरास गेल्या.

भरतनाट्यम् अनवाणीच करावयाचे. गुडघे बाहेर वळवून अर्धे बसावयाचे आणि पूर्ण तळवा भूमीवर आपटावयाचा. रबराच्या तळव्यास भूमीचा स्पर्श कळत नाही. आघात मात्र उरलेल्या पायास सोसावा लागतो. सरावात तेथून रक्त येई. बालपणीचे पहिले धडे त्यांनी पुन्हा गिरविले, आणि १९८४ मध्ये मुंबईत त्या पुनश्च रंगमंचावर उभ्या राहिल्या. १९८५ साली त्यांच्या जीवनावर ‘मयूरी’ हा तेलुगू चित्रपट निघाला. त्यात स्वतःची भूमिका त्यांनी स्वतःच केली. पुढच्या वर्षी हिंदी ‘नाचे मयूरी’ आला.

दूरचित्रवाणीने त्यांस घरोघरी नेले. २००१ पासूनच्या ‘कहीं किसी रोज’मधील ठसठशीत टिकली लावणारी कारस्थानी सासू पुष्कळांस आठवत असेल. (आमच्या घरातील मंडळी त्या वेळी सांजवातीनंतर आम्हांस विचारीत नसत!) आणि २००७ साली ‘झलक दिखला जा’ या नृत्यस्पर्धेत त्या नाचल्या. अपघातास तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती.

‘‘म्हणजे पाठवू नको?’’ माउलीने विचारले. आम्ही म्हणालो, ‘‘गुरू हो म्हणतील, तर अवश्य पाठवा. परंतु निकाल कसाही लागो, दुसऱ्या दिवशी सकाळी ही शिकवणीस गेली पाहिजे. ते जमणार नसेल तर मात्र पाठवू नका.’’ दिव्यांच्या झगमगाटात सात वर्षांच्या पोरीस साऱ्यांसमक्ष गुण देऊन रडविणे आम्हास रुचत नाही, हेही आम्ही लपविले नाही.

मुलगी इतका वेळ गप्प होती. तिने हळूच विचारले, ‘‘आजोबा, रबराच्या पायात घुंगरू वाजतात?’’

‘‘वाजतात, बाळ. घुंगरू घोट्याच्या वर बांधतात ना!’’

तिने खाली वाकून आपले दोन्ही घोटे चाचपून पाहिले, आणि मंडपाच्या थंड फरशीवर पहिला धडा नाचू लागली. माउली हाताने ताल देऊ लागली. पुजारीबुवा गाभाऱ्याचे दार लावावयास आले होते, ते तसेच थांबले.