सर्व्हरवरील फायली व परवलीचा शब्द

सांगोला तालुक्यातील वाडीवस्तीवरच्या शाळेत संगणकाचा जाणकार हाताशी असतोच असे नाही. अशा शाळेत लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरवर हजेरी व गुणपत्रके ठेवलेली असली आणि एके दिवशी वर्गातील संगणकावरून ती उघडेनाशी झाली, तर शिक्षकांनी दोषाचा शोध क्रमाने घ्यावा.

सर्व्हर मुळी सापडतच नसेल, तर दोष जोडणीत, फायरवॉलमध्ये किंवा बंद पडलेल्या सेवेत असावा. तेथे पासवर्ड बदलणे व्यर्थ होय. संगणक फार जुना असल्यासही जोडणी होत नाही. कारण सन २०१९ मधील ४.११ या आवृत्तीपासून ‘सांबा’ने जुनी, असुरक्षित संपर्कपद्धती मूळ मांडणीत बंद ठेवली आहे. विंडोजचे संगणक लिनक्सशी ज्या सेवेद्वारे फायलींची देवघेव करतात, ती ही सांबा होय.

सर्व्हर सापडतो, परंतु पासवर्ड नाकारतो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लिनक्स आपले पासवर्ड ज्या रूपात जतन करते, ते सांबाच्या उपयोगी पडत नाही. म्हणून सांबा आपली नोंद सामान्यतः वेगळी ठेवते. हजेरीपटावर नाव असले म्हणून ते ग्रंथालयाच्या वहीत आपोआप येत नाही, तसेच हे आहे. लिनक्सवर खाते असावेच लागते. शिवाय ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ या आज्ञेने सांबातही पासवर्ड नोंदवावा लागतो. विंडोजने जुना पासवर्ड लक्षात ठेवला असल्यास तो पुसून टाकावा.

फाइल उघडते, पण तीत केलेला बदल जतन होत नाही, तर दोष अधिकाराचा समजावा. सांबाच्या मांडणीत लिहिण्याची मुभा हवी, आणि लिनक्सवरील फोल्डरातही त्या खात्यास ती हवी. दोहोंपैकी एकाने नकार दिला तरी काम अडते.

येथे घाईने फोल्डर सर्वांस खुले करण्याचा मोह होतो. तसे केल्यास अडचण मिटल्यासारखी वाटते. परंतु मुलांच्या जन्मतारखा व गुण कोणासही पाहता, बदलता किंवा पुसता येतात. यास्तव ज्यांस काम आहे त्यांचाच एक गट करून त्यासच अधिकार द्यावा.

दुरुस्तीपूर्वी पडद्यावरील संदेश शब्दशः लिहून ठेवावा, फायलींची प्रत काढावी, आणि एका वेळी एकच बदल करून पाहावा.