यकृताचा जमाखर्च

गेल्या मे महिन्यात मी उज्जैनला मामांकडे गेलो होतो. तीस वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त तिकडे गेलेले मामा आता पुरते माळव्याचे झाले आहेत. सकाळी पोहे-जिलेबी, रविवारी दाल-बाफले! मी पोचलो त्याच आठवड्यात त्यांच्या पोटाच्या सोनोग्राफीचा अहवाल आला : 'फॅटी लिव्हर', म्हणजे यकृतात चरबी साठलेली. मामांनी तो कागद कपाटात दडवला. "अरे, यकृत बिघडतं ते दारुड्यांचं. मी थेंबालाही शिवलो नाही. लोक काय म्हणतील?" पुढच्या तपासणीलाही ते जाईनात.

हा गैरसमज पुष्कळांचा आहे, म्हणून हा लेखप्रपंच. दारू न पिणाऱ्यांनाही हा विकार होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा समावेश केला. २०२३ मध्ये जगातील यकृततज्ज्ञांनी त्याच्या नावातून दारूचा उल्लेखच काढून टाकला.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला हे खतावणीच्या भाषेत उमगले. यकृत हे शरीराचे कोठार. जेवणातून मिळालेल्या साखरेपैकी सुमारे १०० ग्रॅम ते ग्लायकोजनच्या रूपात हाताशी ठेवते. ही रोख शिल्लक. जमा वाढत गेली आणि खर्च, म्हणजे अंगमेहनत, घटला की जादा साखरेची चरबी बनते व कोठारातच साठू लागते. पुढे काहींच्या यकृताला सूज येते, वण पडतात. सुरुवातीला काहीच दुखत नाही, हाच खरा धोका.

मग अख्खे धान्य काय करते? दाण्याचे तीन भाग असतात : कोंडा, अंकुर आणि पिठूळ गाभा. मैद्यात फक्त गाभा उरतो. त्याची साखर झपाट्याने रक्तात उतरते. कोंड्यातील तंतूंमुळे ती सावकाश उतरते, पोटही लवकर भरते. जिलेबी म्हणजे मैदा आणि वर पाक! उपवासाचा साबुदाणा तर धान्यच नव्हे, निव्वळ पिष्ट आहे. त्याऐवजी राजगिरा बरा.

परंतु येथे एक मेख आहे. बाफले जाडसर गव्हाच्या पिठाचेच असतात, म्हणजे धान्य अख्खेच. पण ते तुपात बुडवून खाल्ले तर जमेची बाजू फुगणारच. अख्खे धान्य हे औषध नव्हे. ते मैदा-साखरेच्या जागी यावे, त्यांच्या जोडीला नव्हे.

मामींनी ज्वारी आणली. माळव्यातही पूर्वी ती भरपूर पिके; सोयाबीन आल्यावर मागे पडली. आपल्या कन्नड विभागातील मित्रांची 'जोळद रोट्टी' ती हीच भाकरी, आणि त्यांचे 'नवणे' म्हणजे आपले राळे. भाकरी, वाटीभर डाळ, भरपूर पालेभाजी, चहात साखर नाही आणि संध्याकाळी क्षिप्रेच्या घाटापर्यंत पायी, असा बेत ठरला.

मामांना उपदेश पटला नाही. पटला तो हिशेब. त्यांचे वजन ८२ किलो. वजन ५ टक्के उतरले तर यकृतातील चरबी घटते, म्हणजे सुमारे ४ किलो. ७ ते १० टक्के उतरले तर सूजही ओसरू शकते, म्हणजे ६ ते ८ किलो. वहीच्या पानावर हे आकडे मांडले, तेव्हा मामा बराच वेळ पाहत राहिले. मग उठून त्यांनी कपाटातला तो कागद काढला आणि म्हणाले, "चल, उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टरांनी आहाराला संमती दिली, पण तपासण्या चुकवू नका असेही बजावले. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय आहार बदलूच नये. परवा मामांचा फोन आला : वजन ३ किलोंनी उतरले आहे. ताळेबंद अजून जुळायचा आहे. पण वही उघडली, हे काय थोडे झाले?

वाचकहो, आपल्याही घरी कपाटात असा एखादा कागद दडलेला नाही ना, तेवढे जरूर पाहा.