कॅम टाकला, हेडचं काय?

पावसाळ्यातल्या रविवारी कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यांकडे निघालेल्या गाड्यांत एखादी तरी अशी भेटते, जी उभ्या जागी लंगडत धडधडते. मालक कौतुकाने सांगतो, "कॅम टाकलाय." ती धडधड खरी असते, पण तेवढ्यावरून काम नीट झालंय असं समजू नये. परफॉर्मन्स कॅम पेटीतून काढून बसवण्यापेक्षा तो ज्याच्यात बसणार त्या सिलिंडर हेडची तयारी फार मोठी असते, आणि घाई नेमकी तिथेच होते.

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅम एकदा फिरतो. म्हणजे ६००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. तो किती खाली जाईल ही लिफ्ट, किती वेळ उघडा राहील ते ड्युरेशन. दोन्ही ठरतात कॅमच्या लोबच्या, म्हणजे उंचवट्याच्या, आकारावर. (आरएक्स १०० किंवा जुन्या येझदीवाल्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. त्यांच्या टू-स्ट्रोकमध्ये कॅमच नसतो, सिलिंडरच्या भिंतीतले पोर्टच ते काम करतात.) तेज कॅममध्ये दोन्ही आकडे वाढवलेले असतात आणि इनटेक-एग्झॉस्ट दोन्ही एकदम उघडे असण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, लांबतो. वरच्या आरपीएमला त्याने सिलिंडर चांगला भरतो. आयडलला मात्र जळालेला वायू उलटा इनटेकमध्ये शिरतो आणि गाडी लंगडते. मालकाला कौतुक असतं ते या दोषाचं.

आता हेड उतरवू. व्हॉल्व्ह दीड-दोन मिलिमीटर जास्त खाली जाणार असेल, तर पहिला प्रश्न स्प्रिंगचा. पूर्ण दाबल्यावर वेढ्याला वेढा टेकला, की स्प्रिंग उरत नाही, ठोकळा होतो. मग रॉकर किंवा लोब मोडतो. म्हणून स्प्रिंग बदलतात, आणि नव्या जाड स्प्रिंगसाठी हेडमधली बैठक कटर लावून रुंद किंवा खोल करतात. दुसरा अडथळा गाइडचा, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते त्या नळीचा. व्हॉल्व्हच्या वरच्या टोकाची रिटेनर वाटी खाली येताना गाइडच्या सीलवर आपटू शकते, त्यामुळे गाइडचं डोकं कापून आखूड करतात. पण भीतीपोटी वाजवीपेक्षा कडक स्प्रिंग घातली, तर लोब आणि टॅपेट लवकर झिजतात. कमजोर ठेवली, तर चढ्या आरपीएमला व्हॉल्व्ह लोबच्या मागे राहतो आणि तरंगतो.

ज्या हेडमध्ये कॅम थेट बकेटवर, म्हणजे पेल्यासारख्या टॅपेटवर, चालतो, तिथे मोठ्या लोबचं नाक हेडच्या ओतकामाला घासू शकतं. तेवढा भाग खरवडून जागा करावी लागते, पण बकेटच्या भोकाची भिंत पातळ होऊ न देता. रॉकरच्या इंजिनात वेगळीच कटकट असते. रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या दांडीच्या मधोमध सरकलं पाहिजे. बाजूला गेलं तर ते दांडीला आडवं ढकलतं, गाइड अंडाकृती होतं आणि काही महिन्यांत सायलेन्सरमधून निळा धूर निघतो.

सगळ्यात महागडी चूक होते ती व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातल्या अंतरात. ते मोजण्याची पद्धत अगदी साधी. पिस्टनच्या डोक्यावर शाळकरी मुलांची रंगीत क्ले थापायची, हेड कसायचं, क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचा आणि हेड पुन्हा उतरवून क्लेत उमटलेल्या ठशाची जाडी मोजायची. इनटेकला साधारण २ आणि एग्झॉस्टला अडीच मिलिमीटर जागा हवी, असा रूढ हिशेब आहे. एग्झॉस्टला जास्त, कारण तो व्हॉल्व्ह तापून लांबतो. कॉम्प्रेशन वाढावं म्हणून हेड फेसिंग करून पातळ केलं असेल, तर हे अंतर आणखी कमी झालेलं असतं. शिवाय कॅम हेडमध्ये असेल तर तो क्रँकच्या जवळ येतो, चेन किंवा बेल्टची बाजू सैल पडते आणि टायमिंग किंचित मागे सरकतं. ते ताळ्यावर आणायला खाचा लांबवलेला, फिरवता येणारा स्प्रॉकेट लागतो.

नवा कॅम घेण्याऐवजी जुनाच घासून घेण्याची पद्धतही रूढ आहे. लोबचा मूळ घेर कमी केला, की तीच उंची सापेक्षतः वाढते. पण लोबचं पोलाद किंवा बीड वरून कडक आणि आतून मऊ असतं. चिल्ड बीडच्या कॅममध्ये साच्यात लोबच्या जागी धातूचे तुकडे बसवून तेवढा भाग झपाट्याने थंड करतात, म्हणजे तिथे कठीण पांढरं बीड तयार होतं. सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही १९९२ साली स्थापन झालेली कंपनी हेच ओतकाम आणि घासकाम करते, आणि तिचे कॅम जगातल्या मोठ्या मोटार कंपन्यांकडे जातात. अशी कमावलेली कडक साल लेथवाल्याने घासून काढली, तर काही हजार किलोमीटरमध्ये लोब झिजून सपाट होतो. घेर कमी झाल्यामुळे दांडीच्या टोकावर टोपी घालावी लागते किंवा जाड शिम लावावी लागते, ते वेगळंच.

एवढा खटाटोप केल्यावर काय मिळतं? ताकद वाढते, हे अर्धसत्य आहे. ती वर सरकते. पाच-सात हजार आरपीएमला मिळते ती तीन हजाराखाली हरवते, कारण इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटल्यावर पिस्टन वर येताना थोडा माल परत बाहेर ढकलतो. आपला कर्जत-नेरळचा भाग तर चढणीचा! उल्हास खोऱ्यापलीकडे १८६३ पासून सुरू असलेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर १:३७ चढ चढण्यासाठी आगगाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावतात. तिथे महत्त्व कमी वेगातल्या ओढीला. नेरळहून माथेरानच्या दस्तुरीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या टॅक्सींनाही तेच हवं. तेज कॅम असलेली गाडी या वळणांवर क्लच जाळते. इनटेकमधली व्हॅक्यूमही आयडलला कमी पडते, आणि ब्रेकचा सर्व्हो त्याच व्हॅक्यूमवर चालतो. हे घाटात विसरून चालत नाही.

कायद्याचं बोलायचं तर मोटार वाहन अधिनियमाचं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करू देत नाही. म्हणून असे कॅम ट्रॅकवरच्या गाडीत शोभतात.

रोजच्या गाडीत चढण सुधारायची असेल तर पैसा दुसरीकडे लावावा. व्हॉल्व्हची सीट ३०-४५-६० अंशांत तीन धारांनी कापून घ्यावी, झिजलेले गाइड आणि सील बदलावेत, गळती नाही हे पेट्रोल ओतून तपासावं. फिरवता येणारा स्प्रॉकेट ठेवलाच असेल, तर कंपनीचाच कॅम दोन-चार अंश पुढे घेऊन पाहावा. इनटेक थोडा लवकर मिटतो, वरची धाव किंचित घटते आणि दस्तुरीच्या वळणावर गाडी एका गिअरमध्ये निघून जाते.